कॉम्प्युटेशनल न्यूरोसायन्समध्ये जायचंय? आधी एक न्यूरॉन धड चालवून बघा

कॉम्प्युटेशनल न्यूरोसायन्स म्हटलं की लोकांना दोनपैकी एक काहीतरी वाटतं. एकतर हे एआयचंच दुसरं नाव असावं, नाहीतर मेंदूचे स्कॅन बघत बसायचं काम असावं. दोन्हीत थोडं तथ्य आहे, पण मूळ काम वेगळं. मेंदूतल्या पेशी, त्यांच्या जोडण्या आणि त्यातून होणारं वागणं याबद्दलचं आपलं म्हणणं नुसतं शब्दात न ठेवता गणितात लिहायचं, कॉम्प्युटरवर चालवायचं आणि मग खऱ्या प्राण्यावर घेतलेल्या मोजमापांशी ताडून बघायचं. 'हा न्यूरॉन आवाजाची दिशा ओळखतो' असं कुणीही लिहून टाकेल, पण किती करंट आला की सेकंदाला किती वेळा फायर होईल, म्हणजे विजेचा छोटा झटका (स्पाइक) सोडेल, हे विचारलं की तोंड बंद होतं, आणि खरं काम तिथून पुढे सुरू होतं.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण १९५२ चं. ॲलन हॉजकिन आणि ॲण्ड्रू हक्सली हे दोघे केंब्रिजवाले स्क्विडवर, म्हणजे आपल्या कोकणातल्या माकुलाच्या जातभाईवर, प्रयोग करत होते, कारण त्याचा एक ॲक्सॉन, म्हणजे सिग्नल वाहून नेणारा पेशीचा लांब धागा, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड असतो आणि आत चक्क तार सरकवता येते. सोडियम आणि पोटॅशियम कसं आतबाहेर करतं ते त्यांनी मोजलं, चार समीकरणं बसवली, आणि ती सोडवायची वेळ आली तेव्हा केंब्रिजचा कॉम्प्युटर मोठ्या फेरबदलासाठी सहा महिने बंद. मग हक्सलीने ब्रुन्सविगा नावाच्या हॅंडल फिरवायच्या मशीनवर आकडेमोड केली. ॲक्सॉनमधून पुढे पळत जाणारा एकच सिग्नल काढायला काही आठवडे लागले. आणि हे सगळं चाललं होतं तेव्हा आयन चॅनल, म्हणजे सोडियम-पोटॅशियम आतबाहेर जाऊ देणारं पेशीच्या पडद्यातलं भोक, कुणी पाहिलेलंसुद्धा नव्हतं, एकट्या चॅनलमधून जाणारा करंट नेहर आणि साकमान यांनी पकडला तो १९७६ मध्ये. पोटॅशियमच्या समीकरणात हॉजकिन-हक्सलींनी एक राशी चारदा गुणली होती, आणि पुढे निघालं की पोटॅशियम चॅनल खरोखरच चार भागांचं बनलेलं असतं. पण लगेच टाळ्या वाजवू नका. त्यांनी पेपरमध्ये स्पष्ट लिहिलंय की पाच किंवा सहा घात घेतला तर आकडे कदाचित अजून बरे जुळले असते, पण तेवढ्यासाठी गणित वाढवण्यात अर्थ नव्हता. मॉडेल असं बनतं. थोडं मोजमाप, थोडा अंदाज आणि थोडा नाइलाज.

आता स्वतःच्या स्वतः शिकण्याबद्दल. आपल्याकडे अकरावीलाच पीसीएम की पीसीबी अशी फाळणी होते, त्यामुळे या फील्डमध्ये यायला निघालेला प्रत्येक जण अर्धा तयार असतो. बायोवाल्याला सिनॅप्स (दोन पेशींमधला जोड), ग्लुटामेट, गाबा (तिथली रसायनं) सगळं पाठ, पण डिफरन्शियल इक्वेशन दिसलं की पान उलटतो. इंजिनिअर मुलगी मॅट्रिक्स कोळून प्यायलेली असते, पण न्यूरॉन म्हणजे डीप लर्निंगमधला तो गोल एवढंच तिच्या डोक्यात. आणि हे दोघंही पुढे नेमकं एकच करतात, ते म्हणजे कोर्स जमवतात. लिनिअर अल्जिब्राचा पूर्ण कोर्स, मग प्रोबॅबिलिटीचा, मग मशीन लर्निंगचा, मग न्यूरोॲनाटॉमीचा, 'बेसिक पक्कं झालं की मेंदूकडे वळतो'. ते बेसिक काही पक्कं होत नाही, कारण ते कशासाठी हवंय हेच माहीत नसतं. माझं म्हणणं उलटं आहे. पहिल्याच आठवड्यात एक न्यूरॉन बनवायला घ्या आणि तो जे जे मागेल ते ते शिकत जा.

सगळ्यात साधा न्यूरॉन म्हणजे लीकी इंटिग्रेट-अँड-फायर. याची मूळ कल्पना फ्रान्सच्या लापिकची, १९०७ मधली. बुडाला बारीक भोक असलेली बादली डोळ्यासमोर आणा. वरून पाणी पडतंय, खालून गळतंय, काठापर्यंत भरली की पूर्ण उपडी करायची आणि पुन्हा सुरू. पाणी म्हणजे करंट, पातळी म्हणजे व्होल्टेज, उपडी करणं म्हणजे स्पाइक. बास.

आकडे घालू. शांत असताना व्होल्टेज उणे ७० मिलिव्होल्ट. उणे ५५ ला थ्रेशोल्ड, तिथे पोचला की स्पाइक झाला असं धरायचं आणि परत उणे ७० वर आणायचं. गळती किती वेगात होते ते सांगणारा टाऊ २० मिलिसेकंद, रेझिस्टन्स १०० मेगाओहम. आता यात ०.२ नॅनोॲम्पिअर करंट सोडा. करंट गुणिले रेझिस्टन्स म्हणजे २० मिलिव्होल्ट, म्हणजे थ्रेशोल्ड नसता तर हा गडी उणे ५० वर जाऊन थांबला असता, पण वाटेत उणे ५५ लागतं म्हणून फायर होतो. किती वेळात? २० गुणिले ४ चा नॅचरल लॉग, सुमारे २७.७ मिलिसेकंद. म्हणजे सेकंदाला ३६ स्पाइक. करंट ०.३ केलात तर १३.९ मिलिसेकंद, सेकंदाला ७२. करंट दीडपट केला, स्पाइक दुप्पट झाले, तेव्हा 'इनपुट वाढवलं की आउटपुट त्याच प्रमाणात वाढतं' हा समज इथेच मोडला. आणि ०.१४ वर? उणे ५६ ला जाऊन बसून राहतो, कितीही वेळ थांबा, एक स्पाइक येणार नाही.

हे पायथनमध्ये लिहायला दहा-पंधरा ओळी लागतात. वेळेचे छोटे तुकडे, म्हणजे स्टेप, पाडायचे आणि दर स्टेपला बघायचं की व्होल्टेज शांत पातळीपासून किती लांब गेलाय, ते करंटच्या २० मिलिव्होल्टमधून वजा करायचं, टाऊने भागायचं, स्टेपने गुणायचं आणि जुन्या व्होल्टेजमध्ये मिळवायचं. स्टेप ०.१ मिलिसेकंद असेल तर पहिल्या उडीत व्होल्टेज ०.१ मिलिव्होल्ट वर जातो, दुसऱ्या उडीत ०.०९९५, कारण गळती सुरू झाली. हे दोन आकडे कागदावर काढून कोडशी जुळवून बघा, मगच पुढे जा.

मग मुद्दाम वाट लावा. स्टेप १० मिलिसेकंद करा. पहिल्या उडीत उणे ६०, दुसऱ्या उडीत उणे ५५, संपलं, २० मिलिसेकंदात स्पाइक. सेकंदाला ३६ ऐवजी ५०. कॉम्प्युटरने एरर दिला नाही, ग्राफ छान आला, फक्त उत्तर चूक. सेल्फ-स्टडीत हीच खरी पंचाईत आहे, वर्गात कुणीतरी टोकतं, घरी कोण टोकणार? म्हणून कोड लिहायच्या आधी उत्तर काय यायला हवं ते कागदावर काढायचं आणि स्टेप अर्धी केली तर उत्तर हलतंय का बघायचं, ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या, प्रोफेसर लोक नंतर ह्याच गोष्टी विचारतात.

पुढची पायरी मला सगळ्यात आवडते. आपला न्यूरॉन घड्याळासारखा दर २७.७ मिलिसेकंदाला फायर होतोय, पण जाग्या प्राण्याच्या कॉर्टेक्समधला, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरातला, खरा न्यूरॉन असं अजिबात करत नाही. तेच चित्र शंभरदा दाखवा, कधी ३ स्पाइक, कधी ८, मध्ये कधी लांब गॅप तर कधी दोन लागोपाठ. इथे प्रोबॅबिलिटी लागते. पॉइसाँ प्रोसेस काय असते, सरासरी आणि व्हेरियन्स जवळपास सारखे आले तर त्याचा अर्थ काय, हे आता शिका, आता ते डोक्यात बसेल. आणि मग विचारा, एवढा अनियमितपणा येतो कुठून? सॉफ्टकी आणि कॉख यांनी १९९३ मध्ये नेमका हाच प्रश्न लावून धरला होता. शेकडो छोट्या इनपुटची बेरीज करणारी पेशी खरं तर नियमित व्हायला पाहिजे, कारण चढउतार एकमेकांत विरून जातात, मग ती इतकी सैरभैर का? दोन वर्षांनी मेनेन आणि सेनोव्स्की यांनी उंदराच्या कॉर्टेक्सच्या स्लाइसमध्ये दाखवलं की वरखाली होणारा तोच करंट परत परत दिला तर पेशी जवळपास त्याच त्याच क्षणी स्पाइक देते. म्हणजे पेशी बिचारी भरवशाची आहे, गोंधळ तिच्याकडे येणाऱ्या इनपुटमध्ये असला पाहिजे. त्यातून एक्सायटेशन (पेशीला उचकवणारं इनपुट) आणि इनहिबिशन (दाबणारं) एकमेकांना तोलून धरतात, सरासरी थ्रेशोल्डच्या खाली राहते आणि योगायोगाने उसळी आली की स्पाइक पडतो, हा विचार पुढे आला.

आणि हे तुम्ही घरी करू शकता. तो ०.१४ वाला न्यूरॉन आठवतोय ना, उणे ५६ ला बसून राहिलेला? त्याच्या करंटमध्ये नॉइज, म्हणजे कसेही होणारे चढउतार, मिसळा. तो फायर व्हायला लागेल, आणि अनियमित होईल. बघा, बादलीपासून निघालो आणि पंधरा ओळींच्या कोडच्या जोरावर अशा वादात येऊन पोचलो ज्यावर मोठमोठ्या लोकांनी वर्षं घालवलीत. हे तीन ग्राफ, म्हणजे घड्याळासारखा न्यूरॉन, गप्प बसलेला न्यूरॉन आणि नॉइजमुळे बोलायला लागलेला न्यूरॉन, एका नोटबुकमध्ये स्वच्छ मांडून प्रत्येकाखाली चार वाक्यं स्वतःच्या शब्दात लिहिलीत तर सर्टिफिकेटांच्या गठ्ठ्यापेक्षा त्याला जास्त किंमत आहे.

गणिताचा क्रम यातूनच ठरतो. डिफरन्शियल इक्वेशन आधी (एक तर तुम्ही वर सोडवलंच), मग प्रोबॅबिलिटी, आणि लिनिअर अल्जिब्रा तेव्हा, जेव्हा दोन-तीनशे न्यूरॉन एकत्र येतील. नेटवर्क स्थिर राहणार की भडकणार हे आयगनव्हॅल्यू (मॅट्रिक्समधून काढलेली एक संख्या) सांगते, आणि शेकडो न्यूरॉनचा डेटा दोन-तीन दिशांत दाबून बघायचा तर पीसीए. बायोवाल्यांनी बारावीचं कॅलक्युलस उघडायची लाज वाटून घेऊ नये. इंजिनिअर मंडळींनी उलट बाजूने ॲक्शन पोटेन्शियल, सिनॅप्स, एक्सायटेटरी-इनहिबिटरी पेशी आणि इलेक्ट्रोडने नक्की काय मोजलं जातं एवढं तरी नीट वाचावं, नाहीतर डेटा म्हणजे नुसता आकड्यांचा तक्ता वाटतो आणि त्या तक्त्यामागे एक उंदीर आहे, तो मध्येच कंटाळतो, झोपाळतो, हे विसरायला होतं.

पायथनचं फार मनावर घेऊ नका. नम्पाय, मॅटप्लॉटलिब, लूप आणि फंक्शन इतकं पुरे, लॅपटॉप जुना असला तरी गूगल कोलॅबवर चालतं. मोठं नेटवर्क करायचं असेल तेव्हा ब्रायन नावाचा सिम्युलेटर बघा, फांद्यांसकट खराखुरा न्यूरॉन करायचा तर न्यूरॉन नावाचंच सॉफ्टवेअर आहे, दोन्ही फुकट. पण पहिला न्यूरॉन हाताने लिहा, रेडिमेड नको.

आता थोडं थंड पाणी. मॉडेलचा ग्राफ खऱ्या ग्राफशी जुळला म्हणजे मॉडेल बरोबर, असं सगळ्यांनाच सुरुवातीला वाटतं. ईव्ह मार्डर यांचं आख्खं करिअर खेकडे आणि लॉब्स्टरच्या पोटाजवळच्या एका छोट्या नर्व्ह सर्किटवर गेलंय, जेमतेम ३० न्यूरॉनचं. त्यांच्या ग्रुपने २००४ मध्ये त्या सर्किटच्या एका भागाचं मॉडेल घेतलं आणि त्याची २ कोटींहून जास्त व्हर्जन चालवली, प्रत्येकात सिनॅप्सची ताकद आणि पेशींचे गुण वेगळे. निघालं असं की एकमेकांशी काडीचं साम्य नसलेल्या कितीतरी सेटिंगमधून जवळपास तीच लय तयार होते. म्हणजे तुमचे पॅरामीटर जुळले, ठीक आहे, पण जुळणारे दुसरे किती आहेत? मी तर म्हणेन नवख्याने हॉजकिन-हक्सलीनंतर वाचायचा पहिला पेपर हाच असावा.

मॉडेलचा कंटाळा आला की डेटाकडे वळा. कॉम्प्युटेशनल न्यूरोसायन्समध्ये काम शोधणाऱ्यांपैकी बरेच जण शेवटी डेटा ॲनालिसिसकडेच जातात, त्यात कमीपणा काही नाही. आणि आत्ताचा काळ यासाठी फार भारी आहे, कारण ज्या रेकॉर्डिंगला कोट्यवधींची लॅब लागते ती फुकट डाउनलोड होतात. स्टाइनमेट्झ आणि सहकाऱ्यांचा २०१९ चा डेटासेट घ्या. १० उंदीर, ३९ सेशन, ४२ ब्रेन एरिया, साधारण ३०,००० न्यूरॉन. उंदरासमोर डावीकडे-उजवीकडे पट्ट्यांची चित्रं येतात, ज्या बाजूचं चित्र जास्त ठळक त्यानुसार त्याने पुढच्या पायांनी चाक फिरवायचं, बरोबर आलं तर पाण्याचा थेंब. नवखा माणूस यात काय करतो, तर चाक डावीकडे की उजवीकडे हे न्यूरॉनवरून ओळखणारा क्लासिफायर लावतो, अचूकता भरपूर येते आणि तो जाहीर करतो की इथे निर्णय होतो. अरे, पण चाक फिरायला लागल्यानंतरचे स्पाइक त्यात घेतलेस की रे! ते पाय हलल्याचे स्पाइक आहेत. हालचाल सुरू व्हायच्या आधीचा तुकडाच घे, मग बघ किती उरतं. त्या पेपरचाही एक निष्कर्ष हाच होता की हालचालीशी संबंधित फायरिंग मेंदूत जवळजवळ सगळीकडे सापडतं, पण कोणती बाजू निवडली ते सांगणारे न्यूरॉन मोजक्याच ठिकाणी असतात. तुमच्या नोटबुकमध्ये ही एक तपासणी दिसली तर वाचणाऱ्याला कळतं की हा माणूस विचार करतो.

वाचायला काय? दायान आणि ॲबट यांचं २००१ चं टेक्स्टबुक अजूनही पाया मानलं जातं, पण एकट्याने पहिल्या पानापासून वाचाल तर दमाल, संदर्भासारखं वापरा. गर्स्टनर आणि मंडळींचं न्यूरोनल डायनॅमिक्स ऑनलाइन फुकट आहे आणि त्याची सुरुवातच आपल्या बादलीवाल्या न्यूरॉनपासून होते. एनपीटीईएल या फुकट ऑनलाइन कोर्सच्या साइटवर आयआयटीच्या प्रोफेसरांची लेक्चर आहेत. ज्यांना माणसांची सोबत लागते, आणि बहुतेकांना लागतेच, त्यांच्यासाठी न्यूरोमॅच अकॅडमी, २०२० च्या लॉकडाउनमध्ये सुरू झालेली ऑनलाइन समर स्कूल, छोट्या ग्रुपमध्ये पायथनवर काम, फी देशानुसार कमी-जास्त होते आणि सगळं साहित्य तर कधीही फुकट बघता येतं. बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत स्मरणशक्ती आणि प्लास्टिसिटीवर कॅम्प नावाची शाळा भरत आलीये, ती फार दर्जेदार.

एक कडू गोष्ट सांगूनच टाकतो, नुसत्या सेल्फ-स्टडीवर रिसर्चची नोकरी मिळत नाही. डिग्री लागते आणि पुढे पीएचडी लागते. पण डिग्री कशातली याला या फील्डइतकं सैल फील्ड क्वचित असेल. लॅरी ॲबट पार्टिकल फिजिक्समधून आले, हॉपफिल्ड फिजिक्सचे (१९८२ चं त्यांचं स्मृतीचं नेटवर्क, २०२४ चं फिजिक्सचं नोबेल), दायान गणिताचे, मार्डर बायोलॉजीच्या. म्हणजे तुम्ही मेकॅनिकलला असाल किंवा झूऑलॉजीला, दार बंद नाहीये, सेल्फ-स्टडी तुमचा अर्धा रिकामा भाग भरते एवढंच. पुण्यात आयसरमध्ये कीटकांच्या वास ओळखण्यापासून सिनॅप्सच्या आतल्या कॅल्शियमपर्यंत मॉडेल करणारे ग्रुप आहेत, मुंबईत टीआयएफआर आणि आयआयटी, बंगळुरूला आयआयएससी आणि एनसीबीएस, चेन्नईत आयआयटी मद्रास. पीएचडीला गेट, नेट किंवा जीबिल्स (जीवशास्त्राची संयुक्त प्रवेश परीक्षा) यातलं काय चालतं ते संस्थेप्रमाणे बदलतं, त्यांच्या साइटवर त्या वर्षीचं बघा, सिनिअरने सांगितलेलं तीन वर्षांपूर्वीचं असतं.

प्रोफेसरना मेल करताना 'रिस्पेक्टेड सर, आय ॲम पॅशनेट अबाउट ब्रेन' वगैरे नको, तसे त्यांना रोज ढिगाने येतात आणि चाळीस जणांना एकच मेल पाठवलाय हे पहिल्या ओळीत ओळखू येतं. त्यांचा एक पेपर निवडा, त्यातली एक आकृती स्वतःच्या कोडने परत काढायचा प्रयत्न करा. जमली तर लिंक द्या. नाही जमली तरी कुठे अडलं ते नेमकं लिहा, 'आकृती ३ मध्ये सिनॅप्सचा टाऊ दिलेला नाही, मी ५ मिलिसेकंद धरला तर फायरिंग रेट तुमच्यापेक्षा बराच जास्त येतो, तुम्ही किती घेतला होता?' असं. मेल दहा ओळींच्या आत ठेवा, सीव्ही एका पानाचा, कोडची लिंक उघडतेय ना हे दुसऱ्याच्या फोनवरून तपासा. दोन आठवड्यात उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा, त्यानंतर त्याच लॅबच्या पीएचडी करणाऱ्या मुलांना विचारा, ती बहुतेक वेळा लवकर उत्तर देतात आणि टाऊ किती घेतला होता हेही बऱ्याचदा त्यांनाच माहीत असतं.